सासूबाईंचं शेवटचं सरळ वाक्य

तीर्थरूप ताईस धाकटीचा नमस्कार.

पार्सल पोचलं. चादरी दोन, टॉवेल एक, तिकिटं कमी लावल्याच्या दंडाचे रुपये बारा (ते मी भाजीच्या खर्चात मुरवले). तुझी कंबर कशी आहे? इकडे देवाच्या कृपेने सगळे जिवंत आहेत. हे एरवी लिहीत नाही, या खेपेस मुद्दाम लिहिते, कारण मंगळवारी सासूबाईंना मेंदूचा झटका आला. घाबरू नकोस, पुढे वाच.

पोस्टमन दहाला पार्सल देऊन गेला. चादरी बघून सासूबाईंनी बोलायचं ते बोलून घेतलं (त्याकडे येतेच) आणि मी जपाला बसले. साडेअकराला चहा घेऊन गेले, तर त्या माझ्याकडे बघून हसल्या! बावीस वर्षांत पहिल्यांदा. तेही तोंडाच्या एकाच बाजूने. मला वाटलं, सवय नाही, जमेल हळूहळू. डोळे भरून आले गं माझे. देवाला हात जोडतेय तोच त्यांच्या उजव्या हातातून कप सुटला आणि तोंडातून नुसतं ‘ब-ब’ निघालं. माझं धाबं दणाणलं. शेजारच्या नर्सबाईंना हाक मारली आणि देवापुढचं पाणी पाजायला धावले, तर त्यांनी येऊन माझं मनगटच धरलं. ‘थेंबही घालू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल!’ मग सासूबाईंना दोन्ही हात उचलायला लावले. उजवा उठेना. त्यांनी तिथल्या तिथे ॲम्ब्युलन्स मागवली (मी भाडं विचारलं, त्यांनी नुसतं बघितलं).

इस्पितळात बोट टोचून साखर बघितली, डोक्याचा स्कॅन काढला. रक्तस्राव नव्हता, गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण साडेचार तासांच्या आत. उशीर झाला तर तेच अंगावर उलटतं म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, ‘शेवटच्या ठणठणीत कधी होत्या?’ ऑफिसातून धावत आलेले आमचे हे म्हणतात, ‘ठणठणीत? आई? असं ती जन्मात म्हणालेली नाही.’ डॉक्टर वैतागले. ‘अहो, नीट बोलताना शेवटचं कुणी ऐकलं? नाहीतर रात्री झोपल्यापासून धरावं लागेल, मग इंजेक्शन नाही.’

‘मी ऐकलं, दहाला,’ मी म्हटलं. ‘शब्दन्‌शब्द सांगा,’ म्हणाले. आता आली का पंचाईत! शेजारी हे उभे, ज्यांच्या मते आई मला एका अक्षराने बोलत नाही. पण म्हातारीची वाचा जायची वेळ, तिथे भीड कसली? डोळे मिटून सांगितलं, ‘ही चादर आहे की गाळणं? तुझ्या माहेरची माणसं देणार फाटकं आणि टपालखर्च मारणार माझ्या लेकाच्या डोक्यावर, आणि तू दात काढत ते घेणार!’

‘कुठे अडखळल्या?’

‘श्वाससुद्धा घेतला नाही, डॉक्टर.’

लगेच इंजेक्शन सुरू झालं. हे फरशीकडे बघत राहिले.

संध्याकाळी हात हलला, दुसऱ्या दिवशी शब्द आले. आता घरी आणलंय. पण टोमणा मध्येच अडतो, आणि त्या माझ्याकडे बघतात. परवा ‘तुझ्या हाताला...’ म्हणून थांबल्या. मी ‘चव नाही’ म्हटलं, तर समाधानाने मान डोलावली. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई मलाच रागावल्या. शब्द पुरवायचा नाही, त्यांचा त्यांना शोधू द्यायचा. तेव्हा आता हातातलं काम टाकून माझ्यावरचाच टोमणा पुरा व्हायची वाट बघत बसते. पुरा झाला की दोघींनाही हुश्श होतं.

तुझी,
धाकटी

ता. क. चादरी उत्तम आहेत. मनाला लावून घेऊ नकोस.

आणखी एक ता. क. बाई म्हणतात, सरावाला रोज नवा विषय हवा. माझ्यातले दोष संपत आले. तू आठ दिवस येतेस का? भावोजींनाही आण, त्यांच्यावर लांब वाक्यं निघतील. उलट टपाली कळव.