चौथ्या खांबाचा माथा

स्वेट्ल, १९ जानेवारी

प्रिय रोझविथा,

माझं अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवू नकोस. बातमी चांगली आहे. वेरोनिकाचं घर उभं राहिलं आणि आपली लेक जिंकली!

जागा उतारावर, म्हणून खाली मोटारीसाठी उघडा भाग आणि वर घर, चार काँक्रीटच्या खांबांवर. तिनं आधीच ठरवलं होतं, की प्रत्येक खांबाचा माथा आणि वरची स्लॅब यांच्यामध्ये भार पेलणारा, पण थंडी अडवणारा एक तुकडा बसवायचा. नाहीतर बाहेरची थंडी खांबातून चढून थेट खोलीत शिरते, कोपरे गार पडतात, ओल धरतात. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला मी, मनातल्या मनात हसलो. मग तिनं वहीत चित्र काढून दाखवलं. ते पान मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

स्लॅबच्या दिवशी तुकडे आले तीनच. वेरोनिका कामासाठी लिंझला गेलेली. मुकादम एगिड म्हणाला, "एका खांबानं काय आभाळ कोसळतंय? ओतून टाकू. खालून प्लास्टर मारलं की कुणाला कळतंय?" काँक्रीटची गाडी घरघरत होती. मी शिडी चढलो, अडुसष्टाव्या वर्षी, आणि चौथ्या खांबाच्या सळ्या धरून उभा राहिलो. "म्हाताऱ्या, उतर, पडशील!" एगिड ओरडला. मी म्हटलं, "नाही उतरत. ओत माझ्यावर." गडी खो खो हसले, एगिडनं माझ्या सात पिढ्या उद्धरल्या, पण गाडी परत गेली. गुरुवारी चौथा तुकडा आला, मी स्वतः लेव्हल लावून बसवून घेतला, आणि शुक्रवारी स्लॅब ओतली.

काल बाहेर उणे सोळा होतं. त्या खांबाच्या बरोबर वर नातीचा पलंग आहे. मी पलंगाखाली पालथा पडून कोपऱ्यात तळवा टेकला. कोरडा! तापमान मोजायचं यंत्र लावलं तर अठरा अंश. मी इतक्या जोरात ओरडलो की नात घाबरून आईकडे पळाली. एगिड मुद्दाम बघायला आला होता. टोपी काढून म्हणाला, "जिंकलात, आजोबा." वेरोनिकानं खसखस घोळलेले बटाट्याचे नूडल्स केले होते, मी तीनदा वाढून घेतले.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते. आपल्या घराचे खांब मी असेच बाहेरून सरळ आत नेले होते, मधे काहीही न घालता. दर हिवाळ्यात वेरोनिकाच्या पलंगामागे काळी बुरशी चढायची, पोर खोकायची, तू व्हिनेगरनं भिंत पुसत राहायचीस. आणि मी माझ्या आईसमोर म्हणायचो, "हिला घर राखता येत नाही. सगळं कोंडून ठेवते." नवव्या हिवाळ्यात तू लेकीला घेऊन ग्राट्सला गेलीस. कारणं आणखीही होती, तीही माझीच. काल जेवताना सगळ्यांसमोर मी हे कबूल केलं, पण जिनं ऐकायला हवं ती तिथं नव्हती. ती बुरशी माझ्या खांबांची होती, रोझविथा. तू रोज खिडक्या उघडत होतीस. मी पाहत होतो.

अजूनही तुझाच म्हणवून घ्यायला धजणारा,
गॉटफ्रीड