अकरा मार्चपर्यंत

रवि., ४ मे
गाला. आखातातला मे महिना, आणि ऑफिसचा एसी पुन्हा बंद, बाजूच्या गॅरेजमधून पत्रा ठोकल्याचा आवाज. भाषांतराच्या यंत्रात बास्क भाषेच्या तारखा बसवायचं काम आज संपवलं. वर्ष आधी, मग महिना, शेवटी दिवस. आणि ‘-ला’, ‘-पासून’, ‘-पर्यंत’ असलं सगळं त्या शेवटच्या आकड्याला चिकटतं. आकडा नुसता छापून भागत नाही, तो बोलताना कसा संपतो ते यंत्राला माहीत हवं. दहाला एक शेपूट, अकराला दुसरं. दोन वर्षं मी आकड्यांना शेपट्या लावतोय. ही भाषा कानाने कधी ऐकलेली नाही.

स्पेनमध्ये बास्क बोलतात तिकडच्या काही दवाखान्यांची पत्रं या यंत्रातून जाणार आहेत. तपासणीला या, उपाशी या, अमुक गोळ्या बंद करा. मॅनेजर थॉमससाहेब मागे येऊन उभे. “सब ग्रीन है ना? तो खलास. गुरुवार पंद्रह को रिपोर्ट पर तुम्हारा साइन, फिर भेज देंगे.”

मंगळ., ६ मे
एक गोष्ट खटकते आहे.

आमच्यात बास्क वाचणारं कुणी नाही, म्हणून तपासणी अशी: इंग्रजी पत्र बास्कमध्ये न्यायचं, तेच बास्क पुन्हा इंग्रजीत आणायचं. दोन्ही इंग्रजी जुळली की हिरवा रंग. आज बघताना लक्षात आलं, जाताना आणि येताना यंत्र शेपट्यांचा एकच तक्ता वाचतं. तक्त्यात चूक असेल तर पत्र चुकीच्या वाटेने जाणार, त्याच चुकीच्या वाटेने परत येणार, आणि जुळणार. हिरवं.

थॉमससाहेबांना सांगितलं.
“दो साल से ऐसे ही चल रहा है.”
“तेच सांगतोय, सर.”
त्यांनी स्क्रीनवरचा हिरवा रंग बोटाने दाखवला. मग, “तुम्हारा वीज़ा रिन्यू भी इसी महीने है ना?”
धमकी नव्हती. आठवण होती. फरक किती, माहीत नाही.

सुजाताला घरी सांगितलं. ती आमच्या ईशाच्या दहावीच्या पुस्तकांना कव्हरं घालत होती. हात थांबले नाहीत. “या वर्षी नको रे काही. दहावीत परत गावी जाऊन शाळा बदलणं म्हणजे...”

शुक्र., ९ मे
सकाळी मवालेहच्या भाजीबाजारात. दिलावरभाई, आपला रत्नागिरीचा, नेहमीसारखा भेंडीपेक्षा जास्त गप्पा विकत होता. मी बास्कबद्दल काहीतरी पुटपुटलो असेन, कारण तो म्हणाला, “थांबा थांबा. एक गोरी बाई येते माझ्याकडं. तिला स्पॅनिश म्हटलं का खवळते. मी म्हटलं, मॅडम, मला कुणी पाकिस्तानी म्हटलं का मीपण खवळतो. तवापासून दोस्ती.”
“बास्क आहे?”
“तसंच कायतरी सांगते. नवरा समुद्राचं पाणी गोडं करतात त्या कारखान्यात.”
मिरच्यांची पिशवी बाजूला ठेवून त्याने तिथूनच तिला फोन लावला.
सुजाता: “त्या भाषेचं माणूस तुला भाजीत मिळालं. कमाल आहे.”

शनि., १० मे
मायते. दिलावरभाईची ती बाई; चाळिशीची, केस बारीक कापलेले. घरात खोकीच खोकी. नवऱ्याचं कंत्राट संपलं, पुढच्या आठवड्यात कायमचे परत जाताहेत. नमुन्याची पत्रं नेली होती, त्यांत नावगाव काही नाही. ती हसत हसत वाचत होती. “असं कुणी बोलत नाही, पण कळतं.” बारा वाचून झाली आणि तिने आईला फोन लावला, गंमत म्हणून. त्यांतलंच एक पत्र फोनवर पाठवलं, म्हणाली वाच.

पहिल्यांदा ती भाषा ऐकली. माझ्या मनात ती कोरीव, कडक होती. म्हातारीच्या तोंडात ती सैल होती, मध्ये खोकत होती, चष्मा शोधायला थांबत होती.

पत्र रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं. शस्त्रक्रिया सोळा मार्चला. मूळ इंग्रजीत: गोळ्या अकरा मार्चपर्यंत घ्या, मग बंद करा. म्हातारीने वाचलं ते मायतेने मला सांगितलं: अकरा मार्चपासून घ्या.
मायते आईला म्हणाली, आणि मला इंग्रजीत सांगत गेली, “ऑपरेशनच्या तोंडावर सुरू करायच्या? असं कसं?”
आई म्हणाली, “दवाखान्यानं लिहिलंय ना. मग घ्यायच्या.”
मायते हसली नाही. मी मूळ कागद पुढे केला. तिने दोन्ही शेजारी ठेवून बघितले, मग माझ्याकडे.

तेच पत्र आमच्या यंत्रातून परत आलं होतं ते अचूक. हिरवं.

सोम., १२ मे
तक्त्यात ‘-पासून’ आणि ‘-पर्यंत’ची अदलाबदल, फक्त अकरा आणि एकतीस या आकड्यांसाठी. दुरुस्त केलं. दहा मिनिटांचं काम.

थॉमससाहेब खूश. पाठीवर थाप. “देखा? मिल गया. अब लिख दो, बास्क बोलनेवाले से चेक कराया.”
मी म्हटलं, सर, तिने बाराच वाचली. एका दुपारी. बाकीची कुणी वाचलेली नाहीत.
“बारह भी तो चेकिंग है.”
बाकीची वाचायला माणूस लावू म्हटलं. क्लायंट थांबणार नाही म्हणाले. त्यांच्यावरही वरून दबाव आहे, आवाजात कळतो. वाईट माणूस नाही. ईशाला शाळेत प्रवेश मिळत नव्हता तेव्हा यांनीच कुणाकुणाला फोन केले होते.

बुध., १४ मे
अहवालात लिहिलं: एका बास्क बाईने बारा पत्रं वाचली. एकात रुग्णाला धोका होईल अशी चूक निघाली. उरलेली कुणीही वाचलेली नाहीत.
दुपारी फाइल परत आली. पहिलं वाक्य ठेवलंय, पुढची दोन काढलीत. खाली सहीची जागा.

सुजाता जेवताना: “त्या बाईला मराठी येत नाही, तुला तिची भाषा येत नाही, आणि भांडण आपल्या घरात.” हसली. मग म्हणाली, “त्या आजींनी खरंच घेतल्या असत्या गोळ्या?”
“हो.”
ती ताट उचलून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली आणि म्हणाली, “ईशाला मी सांगेन. काही सांगायची वेळ आली तर.”

गुरु., १५ मे
काढलेली दोन वाक्यं परत घातली. कागद छापला, तिन्ही वाक्यांच्या खाली सही केली, थॉमससाहेबांच्या टेबलावर ठेवला. “इन्शाल्ला,” ते म्हणाले, न बघता, सवयीने.

जागेवर येऊन बसलो. काचेपलीकडे ते दिसत होते. कागद हातात घेतला होता, अजून खाली ठेवला नव्हता. तीन वाक्यं वाचायला एवढा वेळ लागत नाही.