कापसाच्या खोलीची कडी

मेहकर, माघ वद्य पंचमी

प्रिय विमल,

तुझं पत्र पोचलं. घरात आग लागली तर काय करायचं हे उकंडरावांनी तुला पढवलं, आणि नव्या बायकोला कुणी असले धडे देतं का, असं तू थट्टेनं विचारलंस. मला काही हसू आलं नाही. मी मुलखाची संशयी, हे तुम्ही सगळे म्हणताच.

त्यांनी सांगितलं ते खोटं नाही. कापसाच्या खोलीत ठिणगी पडली तर घागर घेऊन आत धावायचं नसतं. दार ओढून बाहेरून कडी घालायची, फटी ओल्या मातीनं लिंपायच्या. वारा मिळाला नाही की कापूस आतल्या आत धुमसत राहतो आणि निदान घर वाचतं. आपल्या वऱ्हाडात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण बाबा कडीला हात घालण्याआधी, आत कोण आहे म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडायचे. हे उकंडरावांनी तुला सांगितलं का? तुझ्या पत्रात तरी दिसलं नाही.

त्यांची पहिली बायको गीता अशाच माघात त्यांच्या त्या कापसाच्या खोलीत जळून गेली. धुरात ती आत आहे हे कळलं नाही, कापूस पेटला म्हणून कडी घातली, असं ते रडत सांगायचे. त्यांच्या गावच्या, जानेफळच्या पाटलानं ते मानलं आणि आपणही मानलं, कारण त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. म्हणून तर तुला त्या घरात दिलं.

इकडे म्हैस व्यायली. खरवस केला, आणि वाढता वाढता तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू शेवटी सहज लिहिलंस की यंदाचा कापूस विकून खोली रिकामी झाली, आणि आता तू तिथंच नीज असं ते म्हणतात. घरात दुसरी जागा नाही का गं? कुठंतरी पाणी मुरतंय, असं मनात येत राहिलं.

आज सकाळी रहेमतुल्ला चाचा दारावरून गाडी घेऊन चालले होते. उकंडरावांचा कापूस दरसाल तेच खामगावला नेतात. गीता जळाली एवढंच त्यांच्या कानावर होतं, कडीची गोष्ट त्यांना माझ्याकडूनच कळली. ते ओट्यावर बसलेच. म्हणाले, “बाई, त्या साली कापूस त म्या संक्रांतीच्या आंधीच नेला होता. गीताबाईनं माह्यासमोर खोली झाडली. तिथं एक बोंडही नव्हतं. मंग कडी काऊन घातली त्यानं?”

हे पत्र चाचाच तुझ्या हाती देतील आणि गाडी जुंपूनच थांबतील. आई आजारी आहे, ताईनं तातडीनं बोलावलंय, असं सासूबाईंना सांग आणि त्यांच्यासोबत नीघ. आई ठणठणीत आहे, तिला मी अजून काही बोललेले नाही. माझा संशय खोटा ठरला तर जन्मभर मला हसा, मी ऐकून घेईन. मला फार भीती वाटते, विमल. आजची रात्र त्या खोलीत काढू नकोस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
मनकर्णाताई