मुलगी = 0

१२ नोव्हेंबर, बुधवार
पहिली पाळी. लॅबमध्ये सॅम्पल जास्त, जेवण उशिरा. कंपनीच्या बसने घरी. हर्षदचा पालघरहून पुन्हा फोन. "काका, मानसीचा लॅपटॉप द्याल का? आमचा गेम पूर्ण करायचाय." बघतो म्हणालो.
संध्याकाळी गेम लावून बघितला. आमचंच दांडी गाव, तेच बंदर, होड्या. धक्क्यावर जाळं विणत बसलेली मुलगी मानसीने स्वतःवरून केली होती. होडी लागली की हाक मारायची. आज धक्का रिकामा.
मानसीच्या तेराव्यानंतर हर्षदने लॅपटॉप दोन दिवस नेला होता. चित्रं कॉपी करायला म्हणे.

१४ नोव्हें., शुक्र.
गेमच्या सूचना लिहिलेली फाइल उघडली. मराठी नावं, इंग्रजी अक्षरं. सुरुवातीला मुलगी = 1. खूप खाली, होडी परत येते तिथे, मुलगी = 0. दोन्ही खरं कसं असेल? एक कोणीतरी मागाहून घातलंय.
आणखी एक, जीव = जीव - 1. शाळेतलं पोरही हे चूक म्हणेल. मानसीचं गणित असं नव्हतं.
आमच्याकडे लॅबच्या वहीत आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी सही, तारीख. खाडाखोड केली तर नोकरी जाते. इथे सही नाही, काही नाही.

१६ नोव्हें., रवि.
हर्षदला बोलावलं. सुलभा आतून, "पोरीच्या लगनाचं इचारणार होता तुमी त्याला. आता चोर झाला काय तो?"
ह. ला दोन्ही ओळी दाखवल्या. म्हणाला, "काका, हे गणितातलं बरोबरचं चिन्ह नाही हो. उजवीकडे जे येईल ते डावीकडच्या नावात ठेवायचं. जीवमधून एक वजा करून उरलेलं परत जीवमध्येच. एक म्हणजे मुलगी दिसते, शून्य म्हणजे नाही. नंतरचं ठेवलं की आधीचं गेलं."
"गेलं म्हणजे कुठे?"
"कुठे नाही. गेलं."
शून्य कोणी ठेवलं विचारलं. "मी नाही. तिनेच. मुलगी बोईसरला नोकरीला जाते, परत येते, अशी गोष्ट होती. परत आणायची ओळ राहिली." हे सांगताना खिडकीबाहेर वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांकडे बघत होता. चहा तसाच टाकून गेला. खरं बोलणाऱ्याने चहा का टाकावा?
सुलभा म्हणाली, "रडाय येत व्हतं त्याला. तुमाला काय दिसतं?"

२० नोव्हें., गुरु.
रजा टाकली. सुलभा बोंबील घेऊन चिंचणीच्या बाजाराला.
शून्याच्या जागी एक लिहिलं, सेव्ह केलं, गेम लावला. होडी धक्क्याला लागली. ती बसली होती. "बाबा, डबा आनला काय?" आवाज नाही, अक्षरं नुसती. मी कामावरून आलो की दारातच हे विचारायची.
लगेच बंद केला. एक खोडून परत शून्य. परत सेव्ह.
मग सुचलं. फाइल शेवटची कधी बदलली ते कॉम्प्युटर दाखवतो. तिच्या आजारातली तारीख असेल तर तिने, ह. कडे होती तेव्हाची असेल तर त्याने. बघितलं. आजची तारीख. तिथेही शेवटचंच राहतं. आधीची तारीख माझ्या हातानेच गेली. लॅबमध्ये एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका धरल्या.

२१ नोव्हें.
कामावर लक्ष नाही. ह. खरं बोलत असेल. नसेलही. मुलगी काढून गेम एकट्याच्या नावावर करायचा असेल तर सुरुवात अशीच होणार.
पण तापात लॅपटॉप तिच्या उशाशी असायचा. शून्याची ओळ तिने लिहिली असेल तर का लिहिली? आणि परत आणायची ओळ मुद्दाम

२३ नोव्हें., रवि.
ह. दुपारी येणार. सुलभा सकाळीच म्हणाली, "देऊन टाका. नायतर नाय म्हणून सांगा. पोराला लटकवू नका." आणि बहिणीकडे नवापूरला गेली.
ह. ने परवा फोनवर सांगितलं होतं, ओळीच्या आधी दोन आडव्या रेघा दिल्या की कॉम्प्युटर ती ओळ सोडून देतो. पुसत नाही. वाचता येते.
मुलगी = 0 च्या आधी दोन रेघा दिल्या. पुढे माझी आद्याक्षरं, आजची तारीख. कारणही लिहितात आमच्याकडे. कारणाची जागा कोरी ठेवली. सेव्ह केलं.
ह. ही ओळ बघून काय करतो ते बघू. रेघा काढतो की ठेवतो. लॅपटॉप देईन की नाही, अजून ठरत नाही.
गेम लावला नाही. कालचा डबा पिशवीतच राहिला होता, वास सुटला होता. बाहेर नळावर नेऊन घासला आणि ओट्यावर उपडा ठेवला.