शोभाच्या अ‍ॅप्रनची जास्वंद

११ फेब्रु.
ठाण्याच्या महिला दिन प्रदर्शनात माझी कापडी फुलं निवडली. जुने परकर, पडदे, साड्या, सगळ्याचं चीज झालं. मग पत्रिका पाहिली. उद्घाटक सामंत! वागळे इस्टेटमधल्या आमच्या शर्टांच्या कारखान्याचा मॅनेजर. 'महिलांचे खंबीर पाठीराखे' म्हणे. चहा गार झाला.

१२ फेब्रु.
बाथरूमला दिवसातून दोनदाच सोडायचा. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या शोभाची पाळी आलेली, तरी नाही सोडलं. अ‍ॅप्रनला डाग पडला, तर तिला सगळ्या लाइनसमोर उभी केली. "बघा, ही अशी कामाला येते." मी मशीन बंद करून त्याच्यावर ओरडले. संध्याकाळी दोघींना काढलं. सहा वर्षं झाली.
येऊ दे त्याला. सोडणार नाही.

१५ फेब्रु.
शहाडला शोभाकडे. तिने तो अ‍ॅप्रन ठेवलेला, ट्रंकेत, तळाशी.
"धुतला नाहीस?"
"धुतला ताई. डाग गेला नाही."
प्रदर्शनातल्या फुलासाठी मागितला. कितीतरी वेळ घडीवरून हात फिरवत बसली. मग दिला. "माझं नाव नको हां."
कबूल.

२७ फेब्रु.
लाइनमधल्या नऊ जणींचे जुने अ‍ॅप्रन मिळाले. कल्याणहून लाल रंग आणला. जास्वंद झालीय माझ्या उंचीची. शोभाचा अ‍ॅप्रन मधोमध, न रंगवता. बोटं सुजलीत. जाड शिवणीवर सुई अडली की सामंतचा चेहरा डोळ्यांपुढे आणते. जाते आरपार.

८ मार्च
त्याने मला ओळखलंच नाही. "वा! कसलं कापड हे?" माइक माझ्यापुढे.
सांगितलं. कारखाना, बाथरूम, ती दुपार. "मधला डाग रंगाचा नाही, साहेब."
कानापर्यंत लाल झाला. काय बरं वाटलं! पोटातून.
"खोटं आहे. कोण ती बाई? आणा समोर."
नाव सांगणार नाही, शोभाला कबूल केलेलं. सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी माइक बाजूला सारला.

९ मार्च
व्हिडिओ फिरतोय. सकाळीच त्याच्या वकिलाचा फोन. माफी मागा, नाहीतर केस. शोभाला लावला. तिने व्हिडिओ पाहिलेला.
"ताई, आता तुम्ही उभी करणार मला सगळ्यांसमोर?"
सामंतचा चेहरा बघायची घाई मला होती. त्याच्यासमोर हे मांडू का, तिला विचारलं कुठे मी?
दुपारी तिचाच मेसेज. 'प्रदर्शन उद्या किती वाजता उघडतं?'
बोलायला येतेय की अ‍ॅप्रन उसवून न्यायला, विचारलं नाही. दहा वाजता, एवढंच कळवलं.