जिभेला फसवणारा वेल

३ मार्च, सोमवार
उपाशीपोटी साखर २१८. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. लेक फोनवर म्हणाली, पंधरा दिवसांत रिपोर्ट नीट आला तर महिनाभर आमच्याकडे राहायला या, लगेच तिकीट काढते. जाणारच! गोळ्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. निसर्ग समर्थ आहे.

४ मार्च
नर्सरीतून गुडमारचा वेल आणला, त्याची पानं साखर मारतात म्हणे. बाल्कनीत, हिची खुर्ची असायची तिथे ठेवला. कारल्याचा रस नाक धरून दोन घोट. उरलेला बेसिनमध्ये. बेसिनची साखर नक्की उतरली असणार.

६ मार्च, सकाळी १०.१०
शोध! गुडमारची दोन पानं चावून चहा प्यायलो. तीन चमचे साखर घातली, तरी गोड लागेना. मग चिमूटभर साखर थेट जिभेवर. वाळू! म्हणजे पानांनी साखर मारली. जिभेलाच पत्ता नाही, तर रक्ताला कोण सांगणार? लेकीला फोन केला, ती मीटिंगमध्ये. शेजारच्या काकूंना जिन्यात गाठून सांगितलं. डॉक्टरांना विचारा म्हणाल्या. अज्ञान, दुसरं काय.

९ मार्च
आता पथ्य कशाला? पानं चावायची, वर जॅम-पाव. चव लागत नाही. पण ही गेल्यापासून पाच वर्षं तशीही कशाला चव होती? सवय आहे.

१२ मार्च
बॅग भरली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. नातीसाठी चित्रांचं पुस्तक घेतलं. लेकीला कळवलं, साखर ताब्यात आहे. तपासायची राहिलीय, एवढंच.

१४ मार्च
सारखी तहान लागते, पाय गळतात. उत्तम लक्षण. शरीर साखर धुऊन काढतंय.

१७ मार्च, सकाळी
३४२. लॅबवाल्याला म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. त्यानं पुन्हा सुई टोचली. ३४६. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सर, पानानं जीभ बधिर होते, साखर पोटात जायची ती जातेच. प्रवास बंद, गोळ्या आजपासून. विज्ञानाच्या मास्तरला हे ऐकावं लागलं.

संध्याकाळी ६
लेकीला खरं सांगितलं नाही. उगाच काळजी करेल. म्हटलं, इकडे फार कामं निघालीत, यंदा जमत नाही. ती आग्रह धरेल म्हणून तीन सबबी कागदावर लिहून बसलो होतो.
ती म्हणाली, बरं बाबा, मग पुढच्या वर्षी बघू.
फार वाईट वाटलं. सबबी तिन्ही चांगल्या होत्या.