मोठेसाहेब एकटे जेवत नाहीत

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबरेत चमक भरली आहे, त्यामुळे जमला तेवढा वाकलोय; उरलेला मान्य करून घेणे.) तुझी दाढ, तुझा गुडघा, चष्म्याचा नवा नंबर, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. भाचा आणि भाचेसून कामाच्या गडबडीत असतील, त्यांना आशीर्वाद सांग. माझं विचारशील तर मी खुशाल आहे. हे मी गेली सहा वर्षं प्रत्येक पत्रात लिहितो, पण या खेपेला ते थोडंफार खरंही आहे. त्याचं कारण सांगतो, आधी बसून घे. हातात गरम काही असेल तर खाली ठेव. अक्का, मी कुत्रा पाळला आहे.

हसून झालं? मला कुंडीतलं रोप जगवता येत नाही, हे तू माझ्या निवृत्तीच्या समारंभात, सगळ्या कचेरीसमोर सांगितलं होतंस. (लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या भाषणाला इतक्या पडल्या नव्हत्या.) आणि कुत्रा आणायला मी गेलो नव्हतोच मुळी. गेलो होतो जुन्या चादरी द्यायला. आमच्या बाजारामागे सोडून दिलेल्या जनावरांचं एक आश्रयघर आहे, तिथे चादरी लागतात असं कळलं. तिथल्या बाईंनी पोचपावतीसाठी एक फॉर्म पुढे केला. वर नाव-पत्ता लिहायचा, खाली सही ठोकायची, सुटलो. पण रकाना रिकामा दिसला म्हणून छत्तीस वर्षं ज्याने लोकांचे अर्ज परत पाठवले, त्याच्याच्याने अर्धा कोरा कागद देववेल का? मी पाठीमागची बाजूही भरायला घेतली. ती बाजू जनावर घरी नेणाऱ्यांसाठी आहे असं वर ठळक छापलं होतं, मी वाचलंही होतं. पण रकाना तो रकाना. कोणत्या वयाचं जनावर चालेल? हरकत नाही. दिवसातून किती तास घरी असता? चोवीस. घरात आणखी कोण? इथे मात्र पेन अडलं. मग 'निरंक' लिहिलं. कचेरीत हा शब्द मी हजारदा लिहिला असेल गं, पण त्या दिवशी लिहून झाल्यावर त्याच्याकडेच बघत बसलो.

बाईंनी कागद उलटून वाचला, पदराने डोळे टिपले आणि आत जाऊन मोठेसाहेबांना घेऊन आल्या. मोठेसाहेब हे त्याचं आधीपासूनचं नाव. माझा त्यात काही हात नाही. जन्मभर साहेबांपुढे उभा राहिलो, आता सुटलो म्हणेपर्यंत साहेब घरीच आले. वय तेरा, एक कान कामातून गेलेला, दात मोजून सहा, मागचे पाय अधू. मालकीण वारली आणि मुलांच्या घरात जागा नव्हती, म्हणून चौदा महिने तिथे पडून होता. येणारे सगळे पिल्लं बघून जायचे म्हणे. मी बाईंना सांगणारच होतो की अहो, काहीतरी घोटाळा होतोय. तेवढ्यात तो माझ्या चपलेवर बसला आणि त्याने असा काही सुस्कारा टाकला की मी पेन उघडून मागच्या बाजूलाही सही ठोकली.

आमचा मजला तिसरा आणि साहेब जिना चढत नाहीत. शेवटी दिलेल्या चादरींपैकीच एक परत मागून घेतली (बाईंनी त्याचीही पावती माझ्याकडून घेतली, मला फार बरं वाटलं) आणि तिची झोळी केली. एक टोक मी धरलं, दुसरं शेजारच्या नर्सबाईंनी. त्या निवृत्त झाल्या आहेत, पण अख्खी इमारत त्यांना अजून टरकून असते. पहिल्याच वळणावर त्यांनी सगळं थांबवलं, मला पायरीवर बसवलं आणि नाडी बघितली, कुत्र्याची नव्हे, माझी. साहेब झोळीतून शांतपणे बघत होते. वर पोचेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले.

पुढची फजिती गोळ्यांची. सकाळी आठला माझी रक्तदाबाची गोळी आणि आठलाच त्याची सांध्यांची. घोळ नको म्हणून मी डब्यांच्या दोन झाकणांत गोळ्या वेगवेगळ्या ठेवल्या आणि सवयीप्रमाणे चिठ्ठ्या चिकटवल्या: एकावर 'अर्जदार', दुसऱ्यावर 'लाभार्थी'. तिसऱ्या दिवशी आठ वाजता झाकणांपुढे उभा राहिलो आणि आठवेचना की यातला लाभार्थी कोण. विचार करकरून त्याची गोळी मी गिळली. माझी त्याने केळ्यातून अचूक निवडून जमिनीवर थुंकली. म्हणजे दोघांत अक्कल कुणाला ते ठरलं. नर्सबाईंनी माझी अशी बिनपाण्याने केली की साहेबांच्या कामातून गेलेल्या कानालाही ऐकू गेलं असेल. तुला म्हणून सांगतो, दोन दिवस माझा गुडघा दुखला नाही. (हे नर्सबाईंना लिहू नकोस.)

आता खरं ऐक. आश्रयघराने दिलेल्या त्याच्या कार्डावर शेवटी लिहिलं होतं, 'एकटा जेवत नाही.' मला वाटलं, नखरे असतील. भूक लागली की खाईल झक मारत. दोन दिवस त्याने वाटीला तोंड लावलं नाही. मी नेहमीसारखा ओट्यापाशी उभ्या उभ्या पातेल्यातूनच खात होतो, आणि तो दारात बसून माझ्याकडे बघत होता. शेवटी ताट घेतलं, मोडत मोडत खाली बसलो, त्याची वाटी जवळ ओढली. मी पहिला घास घेतला, तेव्हा त्याने घेतला. अक्का, किती वर्षांनी मी ताट वाढून घेऊन जेवलो असेन! लहानपणी मी खेळून उशिरा आलो की तू ताटावर ताट झाकून बसलेली असायचीस. चिडायचीस, माझा कान पिरगाळायचीस, पण माझ्याआधी जेवायची नाहीस. मागच्या पत्रात तू लिहिलंयस की घरात सगळ्यांच्या वेळा वेगळ्या, म्हणून तू ताट खोलीतच नेतेस. एकच ओळ, मध्येच, हवापाण्याच्या दोन ओळींमध्ये. मी ती कितीदा वाचली ते सांगत नाही.

रोज संध्याकाळी सहाला साहेब दारापाशी जाऊन बसतात. त्यांची मालकीण तेव्हा कामावरून यायची म्हणे. अर्धा तास वाट बघतात, मग उठून माझ्या पायाशी येतात. मीही हल्ली स्टूल घेऊन तिथेच बसतो. तो तिची वाट बघतो, मी तुझी. भाऊजी गेले त्या वर्षी तू भाच्याकडे राहायला निघालीस, तेव्हा मी गाडीपर्यंत तुझी पिशवी घेऊन आलो होतो. माझ्याकडे चल, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं काय, तर पाण्याची बाटली घेतलीस का! सहा वर्षं झाली त्याला. रोज आठवतं.

असो. (तुझी तुलना मी कुत्र्याशी करतोय असं कृपा करून समजू नकोस. त्याला फक्त सहा दात आहेत.) पत्र लांबलं. दाढेची काळजी घे.

तुझा,
धाकटा

ता. क. एक काम होतं. माझं वय बघता आश्रयघराला साहेबांसाठी दुसरा पालक लागतो, माझं काही बरंवाईट झालं तर सांभाळणारा. मी तुझं नाव घातलंय. चौकशीला बाई येणार आहेत, तेव्हा तू इथे हजर असणं नियमाने बंधनकारक आहे. चार कपडे जास्तच आण.

ता. क. २. वरचं खोटं आहे. चौकशी मागच्याच आठवड्यात झाली, दुसऱ्या पालक नर्सबाई आहेत. नियमाची काहीही अडचण नाही. मागची खोली झाडून घेतली आहे. खिडकीतली कुंडी जिवंत आहे, येऊन बघ.

ता. क. ३. सोबत एक फॉर्म जोडला आहे, मीच हाताने आखलाय. 'घरात आणखी कोण' या रकान्यात साहेबांचं नाव लिहिलं आणि त्याखाली एक ओळ मोकळी ठेवली आहे. जन्मात पहिल्यांदा मी कागद अर्धवट पाठवतोय, अक्का. तो टपालाने परत करू नकोस. स्वतः घेऊन ये आणि इथे बसून भर. तोवर आम्ही दोघं सहाला दारात आहोतच.